पॅनेल चांगले आहे, बिघाड अपडेटमध्ये आहे

कोपरखैरणे, नवी मुंबई
दि. १४ जून २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग (टीव्ही)

विषय: सॉफ्टवेअर अपडेटनंतर बिघडलेले चित्र आणि पॅनेल बदलण्याचे चुकीचे अंदाजपत्रक

महोदय,

आपला ३२ इंची एचडी रेडी सेट (पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, १३६६ × ७६८ ठिपक्यांचा) एप्रिल २०२४ मध्ये वाशीच्या दुकानातून घेतला. २६ मेच्या रात्री त्याने आपणहून अपडेट घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून सेटटॉप बॉक्सचे चित्र धुरकट झाले. सिनेमाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या पुसलेल्या पाटीसारख्या दिसतात. ३ जूनला आपला तंत्रज्ञ आला, व्हिव्हिड हा भडक चित्राचा मोड लावून कॉन्ट्रास्ट १०० केला, तरी जमेना तेव्हा "पॅनेल गेलंय" म्हणाला. सेटच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रकमेचे अंदाजपत्रक हातात ठेवले. भेटीचे ३५० रुपये वेगळे.

पॅनेल गेलेले नाही. सेटिंग्जचा मेनू उघडा: टीव्ही स्वतः काढतो ती त्याची चौकट गडद काळी दिसते आणि तिच्या शेजारीच, त्याच पडद्यावर, बॉक्सचे चित्र राखाडी. टीव्हीतल्या यूट्यूब अ‍ॅपमध्येही काळे काळेच आहे. एचडीएमआय १ ऐवजी २ वापरले, केबल बदलली, फरक नाही. तोच बॉक्स शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावला तर चित्र स्वच्छ. पॅनेल किंवा त्यामागच्या दिव्यांच्या (बॅकलाइटच्या) पट्ट्या गेल्या असत्या तर सगळीकडेच खराब दिसले असते.

दोष सिग्नल वाचण्यात आहे. चित्रातला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत पाठवतात. बॉक्स त्यातली मर्यादित रेंज पाठवतो, म्हणजे काळे १६ आणि पांढरे २३५. टीव्ही मात्र काळे ० आणि पांढरे २५५ धरून वाचतो, त्यामुळे १६ चे काळे राखाडी होते आणि २३५ चे पांढरे मळकट. अपडेटआधी पिक्चरच्या अ‍ॅडव्हान्स्ड मेनूत 'एचडीएमआय रेंज' होते, त्यात ऑटो, लिमिटेड, फुल. आता तो पर्यायच गायब आहे. ब्राइटनेस ५० वरून ४२ वर आणला की बॉक्सचे काळे थोडे सुधारते, पण आपल्या सेटमध्ये सगळ्या इनपुटना एकच सेटिंग लागू होते. मग अ‍ॅपमध्ये काळा कोट, केस आणि मागची सावली मिळून एकच गोळा होतो.

तंत्रज्ञाच्या व्हिव्हिडने भरच घातली. त्यात कलर टेम्परेचर कूल असते, म्हणून चेहऱ्यांवर निळसर झाक येते. वॉर्म केल्यावर जाते. कॉन्ट्रास्ट १०० वर अ‍ॅपमधल्या पांढऱ्या सदऱ्याची बटणे आणि चुण्या नाहीशा होतात, ८५ वर परत दिसतात. शार्पनेस ७५ होता: बातम्यांच्या पट्टीत अक्षरांना पांढरी किनार आणि शिरोरेघ दुहेरी. १० वर आणला तेव्हा ती एकेरी झाली. शिवाय जाताना फॅक्टरी रीसेट करून त्यांनी 'होम'ऐवजी 'स्टोअर' निवडले, त्यामुळे केलेला प्रत्येक बदल काही मिनिटांत पुसून व्हिव्हिड परत यायचा. तो मोड दुकानाच्या झगझगाटात शेजारच्या सेटपेक्षा उठून दिसण्यासाठी असतो, दहा बाय बाराच्या खोलीसाठी नव्हे, एवढे तरी आपल्या माणसांना शिकवा.

आणि ती मराठी माहितीपुस्तिका! तिच्यात ब्राइटनेस 'पडद्याचा उजेड कमी-जास्त करतो' असे छापले आहे. उजेड बॅकलाइट ठरवतो (त्याला आपण 'मागील दिवा' म्हणून सोडून दिले आहे). काळे कुठून सुरू व्हायचे ते ब्राइटनेस ठरवतो. ही पुस्तिका वाचून माणूस रात्री डोळे दुखतात म्हणून ब्राइटनेस उतरवतो, अंधारातले प्रसंग दिसेनासे होतात आणि तो आपल्या कॉल सेंटरला फोन लावतो. रात्री बॅकलाइट ८० वरून ४० वर आणायचा आणि ब्राइटनेसला हात लावायचा नाही.

मागणी अशी: एचडीएमआय रेंजचा पर्याय परत देणारे अपडेट द्या, नाहीतर आधीच्या आवृत्तीची फाइल पेनड्राइव्हवरून टाकण्यासाठी पाठवा. पॅनेलचे अंदाजपत्रक लेखी रद्द करा आणि ३५० रुपये परत करा. वॉरंटी एप्रिलमध्ये संपली हे कारण चालणार नाही, कारण बिघाड आपल्या अपडेटने केला आहे. जमल्यास प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी साठवण्याची सोयही द्या.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. पुढच्या वेळी माणूस पाठवाल तर त्याला आधी मेनूची काळी चौकट बघायला सांगा.

आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, अंदाजपत्रक, भेटीची पावती, मेनू आणि बॉक्सचे चित्र एकत्र दिसणारे दोन फोटो.