मंत्रीमहोदय, आधी तो जुना ओरखडा बघून या

मा. पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार

सा. न. वि. वि.

मी आठवीच्या पोरांना भूगोल शिकवते. समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार, गर्ता हे सगळं त्यांना आवडतं, पण सागरी मैदान, म्हणजे खोल समुद्राचा सपाट तळ, आलं की म्हणतात, बाई सपाटच आहे ना, त्यात काय लिहायचं. म्हणून हे पत्र, त्याच तळावरच्या खाणकामाबद्दल.

सपाट म्हणजे किलोमीटरभर गेलं तरी मीटरचाही फरक नाही इतकं. पण मूळ तळ तसा नसतोच, मध्य-महासागरी रांगांमधून लाव्हा वर येतो, थिजतो, बाजूला सरकतो आणि तो खडक चांगला ओबडधोबड असतो, मग कोट्यवधी वर्षं गाळ साचून खड्डे बुजत जातात. आपल्याकडे तर हे काम गंगा-ब्रह्मपुत्रेने केलंय! हिमालयाची माती बंगालच्या उपसागरात येते, गढूळ लोंढ्यासारखी उतारावरून घसरते आणि तळातळाने पसरत जाते, तो गाळाचा पंखा जवळपास ३,००० किमी लांब आहे, पार विषुववृत्ताच्या खाली गेलाय.

त्याच्याही दक्षिणेला आपल्याला २००२ च्या करारानुसार ७५,००० चौ. किमी तळ शोधासाठी मिळालाय. तिथे नद्यांचा गाळ फारसा पोचत नाही, सूक्ष्म जिवांची कवचं तेवढी पडत राहतात, हजार वर्षांत काही मिलिमीटर. गाळ भराभर पडला असता तर तिथले मँगनीजचे गोळे, म्हणजे तळावर पडलेले धातूंचे गोळे, कधीच पुरले गेले असते.

असा एक गोळा मी गोव्यात, दोनापावलाला हातात घेतलाय. बटाट्याएवढा, खरखरीत, बोटं काळी झाली. कापलेल्या तुकड्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते आणि एक पापुद्रा मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात हे ऐकून मी तो अगदी जपून खाली ठेवला.

या गोळ्यांमधलं निकेल, कोबाल्ट लागणार हे मला कळतं, विरोधासाठी विरोध नाहीये. पण पेरूजवळ जर्मन शास्त्रज्ञांनी खाणकामाने काय होईल ते बघायला १९८९ ला तळ नांगरून बघितला होता आणि २०१५ मध्ये परत गेले तर नांगराचे चर तसेच होते! एवढ्या खाली लाटा नाहीत, पाऊस नाही, ते बुजवणार कोण?

आपल्याही शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरहून खोल तळ मुद्दाम ढवळून प्रयोग केला होता. आता मत्स्य ६००० ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणार आहे, सरकारच्या खोल समुद्र संशोधनाच्या डीप ओशन मिशनला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी मंजूर झालेत, तर साहेब माझी मागणी एकच आहे, खाणकामाचा निर्णय घ्यायच्या आधी माणसं १९९७ च्या त्या ढवळलेल्या जागेवर उतरवा, तिथे किडे-समुद्रकाकड्या परतल्यात का, चर किती बुजलेत ते नीट शूट करा आणि सगळं फुटेज जसंच्या तसं लोकांसाठी खुलं करा. मराठी माहितीसकट मिळालं तर फारच बरं, मला ते आठवीच्या वर्गात लावायचंय.

आपली,
एक भूगोल शिक्षिका