मातीवाल्या दादाला

प्रिय मातीवाल्या दादा,

हे नाव तुला माझ्या लेकानं दिलंय. नऊ वर्षांचा आहे, पण बोलतो मोजकेच शब्द, आणि त्यात नवा शब्द सहसा येत नाही. गेला आठवडाभर मात्र सकाळी उठला की दाराकडे बोट दाखवून म्हणतो, "दादा माती." म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण विशेष मुलांच्या कार्यक्रमात मदतीला जावं की नाही, आपल्याला जमेल का, अशा विचारात असलेल्या तुझ्यासारख्या कुणीतरी ते वाचावं असं मनापासून वाटतं.

किल्ल्याच्या त्या रविवारच्या चार दिवस आधी तुझा फोन आला होता. लोक सहसा विचारतात, "त्याला नक्की काय झालंय?" तू विचारलंस, "काकू, त्याला काय आवडत नाही?" मी सांगितलं, ओली माती. हाताला चिखल लागला की ऑटिझम असलेल्या काही मुलांना तो स्पर्श अक्षरशः सहन होत नाही, माझा त्यांतलाच. आणि कार्यक्रम तर दिवाळीच्या किल्ल्याचा! मला वाटलं, आता तू म्हणशील, मग नका आणू. तू म्हणालास, "बरं, बघतो काहीतरी."

खरं सांगते, यायचं माझ्या मनात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी कार्यक्रमात तो स्पीकरच्या आवाजानं ओरडायला लागला, तेव्हा "ताई, त्याला जरा बाहेर न्या" असं ऐकून आम्ही फराळाची पुडी हातात घेऊन घरी आलो होतो. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात ७ प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि त्यात ते आलं. प्रमाणपत्र मिळालं, ओळखपत्र मिळालं, त्याचा उपयोगही होतो. पण ओळखपत्र बघून कुणी खेळायला घेत नाही रे.

तुम्ही राजगड करायला घेतला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, मुलांचे तीन गट, आणि बालेकिल्ला सगळ्यांचा मिळून. माइक नाही, फटाके नाहीत, लुकलुकणाऱ्या माळा नाहीत. विटा आणि गोणपाट आधीच रचून ठेवलेलं. बाकीची मुलं चिखल थापत होती आणि माझा लेक कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून उभा. तू त्याला बोलावलं नाहीस. त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसलास आणि कोरडी माती चाळायला लागलास. शेजारी दुसरी एक चाळण ठेवलीस, तीही त्याच्याकडे न बघता.

पंधरा मिनिटं झाली असतील. मी तीन वेळा "जा ना बाळा" म्हणायला तोंड उघडलं आणि तुझ्याकडे बघून मिटलं. मग तो बसला. एक हात कानावरून काढला, थोड्या वेळानं दुसरा. चाळणीची ती एकसारखी खसखस त्याला लागते. घरी मी पीठ चाळताना तो येऊन उभा राहतो, पण त्याचं काही करता येईल हे मला, त्याच्या आईला, कधी सुचलं नव्हतं.

चाळून उरलेले खडे त्यानं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले. संजीवनी माचीच्या गटाला तटबंदीसाठी खडे हवेच होते. तू ती ओळ तशीच्या तशी माचीवर हलवायला लागलास आणि एक खडा मागेपुढे झाला. तो किंचाळला. माझ्या पोटात गोळा आला, सगळे बघायला लागले. तू खडा उचललास, जागेवर ठेवलास आणि त्याला म्हणालास, "चुकलं माझं."

दादा, माझ्या मुलाच्या वतीनं मी आजवर शेकडो वेळा माफी मागितली आहे. त्याची माफी कुणी मागितलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

शेवटी त्यानं चाळलेली सगळी मऊ माती किल्ल्यावर पसरली आणि त्यात हळीव नि मोहरी पेरली. त्याची थोरली बहीण तोवर बालेकिल्ल्यावर मावळे मांडत होती, चांगली कोपरापर्यंत चिखलात. भावाकडे लक्ष ठेवायचं नाही अशी तिची ही किती वर्षांतली पहिली दुपार होती! तिचेही आभार यात धर.

चौथ्या दिवशी तुम्ही बोलावलंत म्हणून परत गेलो. माची हिरवी झाली होती. तो खाली वाकला, गाल जवळजवळ टेकवून बघत राहिला. हात लावला नाही, पण बघत राहिला.

आता चाळणीचं. ती त्यानं घरी आणली हे तू पाहिलंस आणि "राहू दे काकू" म्हणालास. ती तुझ्या आईंची रव्याची चाळण होती हे मला नंतर कळलं, तेही ऐन फराळाच्या दिवसांत! आईंसाठी नवी चाळण आणि घरच्या करंज्या पाठवते आहे. जुनी मात्र त्याच्या उशाशी आहे, ती परत मागू नका.

तुझी,
काकू