बाबांच्या कल्याणसोना गव्हाचं कॅन्ससमधलं आजोळ

विचिटा, कॅन्सस

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या भागातले शेतकरी मूळचे कुठले, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथून जवळच गोसेल नावाचं खेडं आहे. तिथली जुनी घराणी जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, पण ती आली रशियातून. त्याआधी ते प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात होते. 1820 च्या सुमारास तिथून उठून ते आजच्या युक्रेनमध्ये गेले आणि उघड्या माळावर शेती उभी केली. हे लोक शस्त्र हातात धरत नाहीत. लष्करी सेवेतून मिळालेली सूट झारचं सरकार काढून घेणार हे दिसल्यावर, 1874 मध्ये अलेक्झांडरवोल गावच्या बहुतेक सगळ्या मंडळींनी घरदार विकलं आणि सिंब्रिया व ट्युटोनिया या दोन बोटींनी अमेरिका गाठली. सांटा फे रेल्वे कंपनीला रुळांलगतच्या जमिनी विकायच्या होत्या. तिने पहिल्या हिवाळ्यापुरत्या लांबच लांब लाकडी चाळी बांधून दिल्या. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्सस फस्त केलं होतं. आई, लेकरंबाळं घेऊन अशा ठिकाणी उतरलेल्या त्या बायकांचा विचार मनातून जात नाही.

तिथल्या संग्रहालयात मी मळणीचा दगड पाहिला. चुनखडीचा जाडजूड रूळ, अंगभर खोल खाचा पाडलेल्या, त्यामुळे दातेरी दिसणारा. घोडा जुंपून तो खळ्यात पसरलेल्या गव्हावरून गोल गोल फिरवायचे. बाबा, मला आपलं खळं, मधला तिवडा आणि पातीचे बैलच आठवले. इथे लवकरच मळणीयंत्रं आली आणि हे दगड अंगणात पडून राहिले.

त्यांच्यासोबत 'टर्की रेड' गहू आला. शरदात पेरायचा, बर्फाखाली तग धरायचा, जूनमध्ये कापायचा. दाणा लाल आणि इतका कडक की इथल्या दगडी जात्यांवरचे गिरणीवाले सुरुवातीला नाकं मुरडायचे. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि चित्र पालटलं. बर्नहार्ड वारकेंटिन नावाच्या त्यांच्यातल्याच गिरणीमालकाने पुढे आणखी बियाणं मागवलं आणि कॅन्सस गव्हाचं राज्य झालं.

आता खरी गंमत ऐका. जपानमध्ये 1935 मध्ये 'नोरिन 10' हा गव्हाचा बुटका वाण तयार झाला. बुटकेपणा जपानी 'दारुमा' गव्हाचा, पण दुसऱ्या बाजूने त्यात हा टर्की रेड आहे. नोरिनचं रक्त गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या गव्हात गेलं आणि तिथूनच आपल्याकडे कल्याणसोना आला. म्हणजे तुम्ही निफाडच्या रानात पेरलात, त्या गव्हाचं एक आजोळ इथे आहे! हे कळल्यावर मला त्या लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला.

त्यांचं सगळं सुखाचं झालं नाही. पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, जर्मन बोलणारे आणि वर लढायलाही नकार देणारे म्हणून त्यांना फार छळलं गेलं. चर्चना पिवळा रंग फासला गेला. हळूहळू शाळा, प्रार्थना, सगळं इंग्रजीत गेलं. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. प्रशियातल्या चर्चची जुनी वही ते देशोदेशी बरोबर घेऊन हिंडले. त्यामुळे आजही तिथली माणसं सात-आठ पिढ्यांची नावं सांगू शकतात. आपल्याकडे पणजोबांच्या पुढे सातबाराही गप्प बसतो.

म्हणून बाबा, एक हट्ट आहे. कल्याणसोना पहिल्यांदा कधी पेरलात, बियाणं कोणी आणलं, आजोबा काय म्हणाले, एकरी किती पोती झाली, सगळं आईला सांगा. आई, तू लिहून काढ. रेशनवरच्या लाल गव्हाच्या पोळ्या कशा व्हायच्या, तेही लिही. घाई नको, रोज एखादं पान झालं तरी पुरे. वही दादाकडे द्या, तो फोटो काढून पाठवेल.

गुडघ्यांना तेल लावत जा, आणि उन्हाचं रानात जाऊ नका.

तुमची,
माई