विहिरींच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

एमआयडीसीलगतच्या वर्कशॉपांत सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) वर्षानुवर्षे वापरले गेले. हे द्रव पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. सांडले की खाली उतरते आणि कातळाच्या भेगांत साठून राहते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने विहिरीतले जंतू मरतात, टीसीई जात नाही. टीसीईने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. आपल्या विहिरींची ही तपासणी एकदाही झालेली नाही.

यावर उपाय आहे, म्हणूनच हे आवाहन. लोखंडाचे अतिसूक्ष्म, म्हणजे 100 नॅनोमीटरहून लहान कण भूजलात सोडले की ते गंजताना टीसीईतला क्लोरीन सुटतो. त्याच वेळी प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन तयार होतो. डीहॅलोकोकॉइड्स या जिवाणूंना नेमके हेच हवे असते. उरलेल्या टीसीईचे ते निरुपद्रवी इथिलीन करतात. लिंडेन या क्लोरीनयुक्त कीटकनाशकाने दूषित मातीवर लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने लोह-पॅलेडियमचे नॅनोकण आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू एकत्र वापरले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकेकट्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त लिंडेन नष्ट झाले.

पण हे काम अंदाजाने करायचे नाही. लोखंड जास्त झाले तर जिवाणूच मरतात. जिवाणू अर्ध्यावर थांबले तर टीसीईहून घातक व्हिनाइल क्लोराइड पाण्यात उरते. कृपया कुणीही स्वतःहून विहिरीत लोहचूर्ण टाकू नये. आधी विष कुठे आणि किती, हे कळायला हवे.

त्यासाठी प्रयोगशाळेचे शुल्क, काचेच्या बाटल्या आणि नमुने थंड ठेवून पोचवायची गाडी एवढा खर्च आहे. जमेल ती रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, पावती अवश्य घ्यावी. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी नमुने घ्यायला यावे. बाटलीत हवेचा बुडबुडाही राहून चालत नाही, टीसीई उडून जाते.

पैशाइतकीच माहितीही हवी आहे. निवृत्त कामगारांनो, पिंपे कुठे धुतली जात, खड्डे कुठे होते, हे तुम्हालाच आठवते. तुमचे नाव बाहेर जाणार नाही. जमिनीचा भाव पडेल या भीतीने काही विहीरमालक मागे हटत आहेत. ही भीती आम्ही समजतो. अहवाल आधी मालकाच्याच हाती देऊ. मात्र त्या विहिरीवर शेजारची घरेही पाणी भरत असतील, तर तो त्यांनाही सांगावाच लागेल.

पावसाळ्यापूर्वी नमुने घ्यायचे आहेत. नावे या आठवड्यातच नोंदवावीत.

आपली,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती