गुलाबी जर्सी एकट्या देल तोरोने घालवली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर नुकत्याच आलेल्या सायकल शर्यतींवरील लेखात 2025 च्या जिरो द'इटालिया या इटलीतील तीन आठवड्यांच्या शर्यतीतील इसाक देल तोरोच्या पराभवाचे सारे खापर त्याच्या अननुभवावर फोडून विषय मिटवण्यात आला आहे. मेक्सिकोच्या या एकवीस वर्षांच्या सायकलपटूने हाती आलेली गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याचा मान, शेवटच्या डोंगराळ टप्प्यात गमावली, हे खरेच आहे. मात्र त्या दिवशीचा घटनाक्रम पाहिला, तर तो त्याच्यापेक्षा त्याच्या संघाचा पराभव होता, असे माझे मत आहे.

31 मे 2025 रोजी वेरेसहून सेस्त्रिएरेकडे विसावा टप्पा निघाला तेव्हा देल तोरो आघाडीवर होता, इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या 43 सेकंद आणि ब्रिटनचा सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे होता. वाटेत कोले देल्ले फिनेस्त्रे हा साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांहून अधिक चढाचा घाट होता आणि त्याचा वरचा आठेक किलोमीटरचा भाग तर डांबर नसलेला, खडी-मातीचा. घाटाच्या पायथ्यालाच कारापाझने जोर केला, देल तोरोने त्याचे चाक सोडले नाही, आणि मागून त्यांना गाठणारा येट्स पुढे निसटला. येट्सचा पाठलाग करायचा तर पुढे राहून वारा अडवत देल तोरोला आयते ओढत न्यावे लागणार, हा कारापाझचा हिशेब. आणि आपला जवळचा प्रतिस्पर्धी नजरेसमोर आहे तोवर धोका नाही, हा देल तोरोचा. दोघेही आपापल्या परीने चुकत नव्हते, आणि म्हणूनच दोघेही हरले.

तरीही माथ्यावर येट्सची आघाडी दोन मिनिटांच्या आत होती. सेस्त्रिएरेला पोहोचेपर्यंत ती पाच मिनिटांपलीकडे गेली, आणि लेखात नेमका हाच भाग सुटला आहे. येट्सच्या व्हिस्मा संघाने त्याचा सहकारी वाउट फान आर्टला सकाळीच पुढे निसटलेल्या गटात धाडून ठेवले होते. तो घाट आधी ओलांडून गेला, येट्सची वाट पाहत मागे रेंगाळला आणि खालच्या दरीत त्याला आपल्या चाकामागे घेऊन सुटला. आमच्याकडे पन्हाळ्याला सायकल नेणाऱ्याला याचे इंगित सांगावे लागणार नाही. वाघबिळाच्या चढावर वेगच इतका कमी असतो की दुसऱ्याच्या मागे राहून फारसे काही वाचत नाही, पण पावसाळ्याच्या तोंडाशी केर्लीच्या सरळ रस्त्यावर पश्चिमेचा वारा अंगावर आला की पुढे एक धिप्पाड गडी असणे आणि नसणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फिनेस्त्रेनंतरची दरी आणि सेस्त्रिएरेचा सौम्य चढ हा असाच, वेगाचा आणि वाऱ्याचा रस्ता होता. तिथे फान आर्ट दुसऱ्यासाठी झिजत होता, तर देल तोरोच्या पुढे राहून त्याला ओढून नेईल असा ताज्या दमाचा सहकारी त्याच्या यूएई संघाने पेरून ठेवलेला नव्हता. कारापाझ कामाला हात लावो न लावो, आता पाठलाग कर, असा ठाम निर्णय मागच्या गाडीत बसलेल्या संघ-मार्गदर्शकांकडून व्हायला हवा होता. तेवढ्या आणीबाणीत तो एकवीस वर्षांच्या मुलावर सोडणे मला तरी पटत नाही.

फॉर्मचा मुद्दा अर्थात आहेच, पण तोही लेखात मांडला आहे तितका सरळ नाही. हाच येट्स 2018 च्या जिरोत तीन टप्पे जिंकून गुलाबी जर्सीत मिरवत होता आणि ख्रिस फ्रूमने अंतिम रेषेच्या सुमारे 80 किलोमीटर आधी हल्ला चढवला त्या दिवशी याच फिनेस्त्रेवर कोलमडून 38 मिनिटांहून अधिक मागे पडला. 2025 मध्ये त्याने एकही टप्पा जिंकला नाही, तीन आठवडे तो फारसा चर्चेतही नव्हता, आणि अखेरीस 3 मिनिटे 56 सेकंदांनी शर्यत जिंकून गेला. शक्ती कुठल्या आठवड्यात खर्च करायची, हे ठरवणे हा फॉर्मचाच भाग आहे.

अर्थात डावपेचांनाही मर्यादा असते. 2022 च्या टूर द फ्रान्समध्ये रोग्लिच आणि विंगेगोर या एकाच संघातल्या दोघांनी गालिबिए घाटाच्या परिसरात आळीपाळीने हल्ले करून स्लोव्हेनियाच्या पोगाचारला दमवले, आणि ग्रानोंच्या चढावर तो विंगेगोरपेक्षा 2 मिनिटे 51 सेकंद मागे पडला. पण 2024 मध्ये तोच पोगाचार अशा बहरात होता की त्याने जिरो आणि टूर दोन्ही जिंकले, आणि त्याच्यापुढे कोणाचीच मात्रा चालली नाही. विंगेगोर त्या वर्षी एप्रिलमधल्या गंभीर अपघातातून सावरून आला होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबाचे कौतुक करणाऱ्या मराठी वाचकाला हे सारे समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. तेव्हा यापुढे डोंगराळ टप्प्याच्या वार्तांकनात विजेत्याच्या नावासोबत माथ्यावरचे आणि अंतिम रेषेवरचे अंतर, तसेच कोणत्या सहकाऱ्याने कुठे ओढले, एवढे तरी छापावे, ही विनंती. त्यासाठी छायाचित्राची जागा थोडी कमी झाली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर