आवाज गेला, वेगाचा अंदाज गेला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई गोपाळ मंदिरात दर्शन घेऊन राजवाड्याकडे चालत येत होत्या. मागून येणाऱ्या ई-रिक्शाचा आरसा त्यांच्या कोपराला लागला, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. वय ७९. नजर अधू झाली आहे, पण कान अजून असे की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात. प्लॅस्टर घालून होईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "अगं, आवाजच नाही आला. आवाज आला असता तर मी सरकले नसते का?" रिक्शावाला पोरगा भला होता, त्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात आणलं. तोही हेच सांगत होता, "अम्मा को पता ही नहीं चला कि पीछे गाड़ी है." तेव्हापासून हे पत्र मनात घोळतं आहे, कारण गाडीच्या आवाजावर माझं पोट चाललं आहे.

१९९६ पासून सव्वीस वर्षं मी इंदुरात बायकांना गाडी चालवायला शिकवली. मारुती ८००, माझ्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक. पहिल्या दिवशी मी गाडी हलवूच देत नसे. न्यूट्रलमध्ये सुरू करायची, हळूहळू रेस द्यायची आणि नुसतं ऐकायचं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओरडायला लागली की तिसरा टाका, तिसऱ्यात धडधडून झटके द्यायला लागली की परत दुसरा, एवढाच धडा. छावणीतल्या एक पन्नाशीच्या बाई आठव्या दिवशी एकदम म्हणाल्या, "मॅडम, गाड़ी रो रही है," आणि मी सांगायच्या आत त्यांनी गिअर बदलला. त्या पास होणार हे मला तिथेच कळलं.

यात जादू काही नाही. ८०० च्या इंजिनाला तीन सिलिंडर. मिनिटाला २००० फेरे होत असतील तर सेकंदाला ५० स्फोट होतात, ३००० झाले की ७५. तेवढी आवाजाची पट्टी चढते, आणि कान ती चढण रस्त्यावरची नजर न काढता पकडतो. मीटर बघायला मात्र डोळे खाली न्यावे लागतात. ताशी ६० किलोमीटरवर एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे जाते, तेवढा रस्ता आपण न बघता कापतो.

शिकवणी संपत आली की मी एक परीक्षा घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर मीटरवर माझा रुमाल टाकायचा आणि विचारायचं, सांग बघू, वेग किती? बहुतेक जणी चार-पाच किलोमीटर इकडे-तिकडे बरोबर सांगत. माझं स्वतःचं तर दोनच्या वर चुकत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

मागच्या दिवाळीत मुलाने विजेवरची गाडी घेतली. पाडव्याला पहाटे सुपर कॉरिडॉरवर त्याने ती माझ्या हातात दिली. रस्ता सरळ, रुंद, रिकामा. गाडी कशी, लोण्यासारखी. थोड्या वेळाने तो हसत म्हणाला, "आई, रुमाल टाकू का?" मी म्हटलं, टाक. रुमाल टाकल्यावर मी मिनिटभर चालवली आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस." त्याने रुमाल उचलला. ७१. त्याचं हसू मावळलं. मी गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सव्वीस वर्षं जे कान इतरांना शिकवले, त्यांना ऐकायला त्या गाडीत काहीच नव्हतं. टायरांची थोडी सरसर होती, तीही काचांनी बाहेरच अडवलेली.

मुलाने नंतर शोधून दाखवलं की हे माझ्या वयाचं दुखणं नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क हॉर्सविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं आहे. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात ज्यांना गाडीतला आवाज कमी ऐकवला, त्यांनी जास्त वेग निवडला. २००८ च्या प्रयोगात आवाज फक्त ५ डेसिबलने कमी केला तरी तोच वेग लोकांना कमी वाटला. आणि हे विजेच्या गाड्यांपुरतं नाही. पेट्रोलची गाडीही काचा बंद, एसी चालू, गाणी मोठ्याने लावून चालवली की चालकाचं हेच होतं. माझ्या गाडीत पहिले दहा दिवस काचा खाली असत, मे महिन्यातसुद्धा. बायका कुरकुर करायच्या. माझा इलाज नव्हता.

कान उघडे ठेवण्याचा धडा मला स्वतःला गणेश घाटाने दिला. मानपूर सोडून धामनोदकडे उतरतानाचा तो उतार आणि तिथले अपघात आपल्या वाचकांना सांगायला नकोत. २०११ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही महेश्वरला निघालो होतो, मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होते, काच खाली होती. भरलेला ट्रक गिअरमध्ये घाट उतरतो तेव्हा त्याचं इंजिन गुरगुरतं, कारण तेच गाडीला मागे खेचून धरत असतं. मागून मला टायरांची जड सळसळ ऐकू आली, पण गुरगुर नाही. इंजिन जागच्या जागी टकटकत होतं. म्हणजे डिझेल वाचवायला ट्रकवाल्याने न्यूट्रल टाकला होता आणि सगळा भार ब्रेकवर होता. आरशात बघायच्या आधीच मी डावीकडे, अगदी मातीत उतरले. ट्रक शेजारून गेला आणि पाठोपाठ जळक्या ब्रेकचा वास आला. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही, हे त्याचं आणि आमचं नशीब. पण काच वर असती तर? मुलाच्या गाडीत असते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

कोणी म्हणेल, इंदुरात आधीच कानठळ्या बसतात, त्यात ह्या बाईंना आणखी आवाज हवा आहे! मला गोंगाट मुळीच नको. सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटमुळे माझी शिकाऊ मुलगी दचकून स्टिअरिंग सोडून बसलेली मी पाहिली आहे. त्या सायलेन्सरवर कारवाई व्हायलाच हवी. हॉर्नचंही तेच. हॉर्न चालक घाईत आहे एवढंच सांगतो. गाडी किती लांब आहे, जवळ येते आहे की वळते आहे, वेग वाढतो आहे की कमी होतो आहे, हे सारं चालत्या इंजिनाच्या आवाजात असतं, आणि सासूबाई आयुष्यभर त्याच्यावर विसंबून रस्ता ओलांडत आल्या.

बाहेरच्या देशांनी हे ओळखलं आहे. युरोपात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना आवाज करणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि तो ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये असंही बंधन आहे. मर्यादा २० ची, कारण त्यापुढे टायरांचा आवाज ऐकू येऊ लागतो. आपल्या परिवहन मंत्रालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये असाच मसुदा काढला. विजेच्या नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीच्या मॉडेलांना ऑक्टोबर २०२७ पासून हे यंत्र लावायचं, असं त्यात आहे. वाचून फार बरं वाटलं. पण पुढे बघते तर तो चारचाकी प्रवासी आणि मालवाहू गाड्यांपुरताच. ई-रिक्शा त्यात नाही.

संपादक महोदय, नियमाप्रमाणे ई-रिक्शाचा कमाल वेगच ताशी २५ किलोमीटर आहे. ज्या वेगात इंजिनाच्या आवाजाची सर्वांत जास्त गरज, त्याच वेगात ती दिवसभर चालते, आणि चालते कुठे, तर राजवाडा, खजुरी बाजार, सराफा, जिथे माणसं फुटपाथ नाही म्हणून रस्त्यावरून चालतात. तिलाच कसं वगळलं? रिक्शावाल्यांवर खर्चाचा बोजा नको, हे मलाही मान्य आहे. म्हणून आवाज करणाऱ्या त्या छोट्या यंत्राचा खर्च कारखान्यानेच गाडी बनवताना करावा, आणि रस्त्यावरच्या जुन्या रिक्शांना महापालिकेने किंवा परिवहन विभागाने ते बसवून द्यावं.

दुसरी विनंती परवान्याबद्दल. गिअरच्या गाडीवर शिकलेल्या माणसाला त्याच परवान्यावर उद्या विजेची गाडी चालवता येते, आणि हातातली गाडी किती वेगाने चालली आहे हे त्याला ऐकून कळणार नाही, हे कोणीही त्याला सांगत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यासाठी एक तास तरी ठेवा. रुमालाची परीक्षा घ्यायला मी फुकट येईन. आणि गाडी कंपन्यांनी आत एखादी वेगाबरोबर चढणारी हलकी पट्टी ऐकवावी, बंद करता येणार नाही अशी.

सासूबाईंचं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघेल. एकादशीला पुन्हा गोपाळ मंदिरात जायचं म्हणतात. मी सोबत जाईन, त्यांच्या रस्त्याकडच्या बाजूने.

आपली,
एक निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर