कूपन काउंटरवरच्या काकांना

नागपूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आनंदमेळाव्याच्या शेवटी सगळ्यांचे आभार मानून झाले. मंडपवाले झाले, तर्री-पोह्यांच्या स्टॉलवरच्या आया झाल्या, बंदोबस्ताला आलेले हवालदार झाले. तुमचे राहिले, कारण तेव्हा तुम्ही आठवीच्या वर्गात दार लोटून नोटा मोजत होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

शाळेच्या मागच्या दोन वर्गांवर पत्रे आहेत. एप्रिलात सकाळी दहालाच तिथे काय होतं, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. पत्र्याखाली छत घालायचं आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा कूलर बसवायचा, यावर पालक-शिक्षक संघात कुणाचंच दुमत नव्हतं. पैसे कसे जमवायचे, तेही जवळजवळ ठरलंच होतं. प्रत्येक मुलाच्या हाती पाचशे रुपयांचं कूपनबुक द्यायचं, ते घरच्यांनी खपवायचं, नाही खपलं तर पदरचे भरायचे. हमखास वसुली. बऱ्याच शाळांत असंच चालतं.

तुम्ही नातीला न्यायला आला होतात आणि दारात उभे होतात. तिथूनच बोललात, "मेळा भरवून राहिलो का वसुली करून राहिलो? ज्याची तीन पोरं याच शाळेत, त्याले दीड हजार. तो माणूस मेळ्यात येईल तरी का?"

बैठक गप्प झाली. आमच्या शाळेत ऑटो चालवणारे बाप आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आया आहेत. त्यांच्यातलं कुणी त्या खोलीत नव्हतं, आणि असतं तरी बोललं नसतं. त्यांच्या वतीनं तुम्ही बोललात. बँकेत हेड कॅशियर म्हणून आयुष्य काढलेला माणूस पैशाच्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. निघालं उलटंच.

डिसेंबरची तारीखही तुम्हीच हाणून पाडलीत. अधिवेशनाच्या दिवसांत मंडप आणि खुर्च्या मिळायची मारामार, पोलीस सगळे बंदोबस्तात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे, शाळेचे ऑटो कुठल्या कुठे वळवलेले. जानेवारीतला रविवार घ्या म्हणालात. थंडी गुलाबी, संक्रांत उरकलेली आणि कॉटन मार्केटात तुरीच्या शेंगांचा ढीग. उकडलेल्या शेंगांच्या स्टॉलनं आलूबोंड्यालाही मागे टाकलं, हे श्रेय मी शेंगांनाच देते.

पण खरं काम कूपनांचं. दहाचं गुलाबी, वीसचं पिवळं, प्रत्येकावर क्रमांक आणि शाळेचा शिक्का, म्हणजे कुणी झेरॉक्स मारून आणायला नको. छापखानेवाल्यानं फाडायच्या रेघेचे वेगळे पैसे सांगितले, तेव्हा तुम्ही कागद घरी नेले आणि काकूंच्या शिलाई मशीनवर बिनदोऱ्याची सुई चालवून ओळीनं भोकं पाडलीत. मी किल्ली द्यायला आले होते. काकू पायडल मारताहेत, तुम्ही पट्टी धरून कागद सरकवताय आणि मधेच "सरळ, सरळ" म्हणून तुम्हीच बोलणी खाताय! कूपन फाटलं की टर्रकन, एका रेषेत. पोरांना त्या आवाजाचीच मजा वाटली.

स्टॉलवर रोख घ्यायची नाही, हा तुमचा नियम सगळ्यांना जाचक वाटला होता. पैसा फक्त तुमच्या काउंटरवर. स्टॉलवाल्यांनी कूपन घेऊन सीलबंद डब्यात टाकायचं. क्यूआर कोड शाळेच्या खात्याचा, कुणा शिक्षकाच्या मोबाइलचा नाही. मैदानावर गर्दी वाढली आणि नेटवर्क रडायला लागलं, तेव्हा व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत उतरवूनच कूपन हातात द्यायचात. संध्याकाळी विकलेल्या कूपनांचे क्रमांक, वहीतली नोंद आणि गल्ला यांचा ताळा बसला आणि कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. गेल्या मेळाव्यानंतर कुणी किती खाल्लं यावर महिनाभर कुजबुज चालली होती. यंदा कुणाला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. ताळेबंद सूचनाफलकावर लावलाय, लोक थांबून वाचतात.

वर्गावर्गात प्रत्येक मुलाला खेळांची तीन कूपनं फुकट द्यायची, हीही तुमचीच अट. त्यांचा खर्च गांधीबागेतल्या एका दुकानदार पालकांनी उचलला. ते रोख पाच हजार काढत होते. तुम्ही चेक मागितलात, कारण 2,000 च्या वर रोख दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. आणि ही फुकटची कूपनंही गुलाबीच ठेवायला लावलीत. रिंग टाकायच्या रांगेत कुणाचं कूपन विकतचं आणि कुणाचं वर्गात मिळालेलं, ते कुणालाच कळलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या मेळाव्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

उरलेली कूपनं परत घेऊन पैसे द्यायचे, यावरून समितीत वाजलंच. न वापरलेलं कूपन म्हणजे निव्वळ नफा, असं खजिनदारांचं म्हणणं. तुम्ही काही हटला नाहीत. "ज्याचे पैसे त्याले." मग परतीच्या खिडकीशेजारी तुम्ही दानपेटी ठेवलीत आणि काही न बोलता बसून राहिलात. निम्म्याहून जास्त लोकांनी खिडकी सोडून पेटी गाठली. एका आजीनं मात्र दहा रुपये मागून घेतले आणि तुम्ही उठून दिलेत, सुट्टी नोट, दोन्ही हातांनी.

छताचं काम परीक्षा संपली की सुरू होतंय, कूलरची ऑर्डर गेली आहे. मशीनच्या सुईचं पाकीट सोबत पाठवते, कागदानं जुनी बोथट झाली असं काकू म्हणत होत्या. पुढच्या मेळाव्याची समिती जुलैत बसेल. तुम्हाला सल्लागार वगैरे करायचा बेत काहीजण करताहेत. त्यांचं ऐकू नका, आम्हाला तुम्ही काउंटरवरच हवे आहात. नात सातवीत जाईपर्यंत तरी सुटका नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
पालक-शिक्षक संघातली एक आई